पूगफल (सुपारी) : औषधी उपयोग, नित्य सेवन आणि चिकित्सकाचे कर्तव्य

मेद कमी करणाऱ्या अथवा उत्साह वाढविणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलांच्या वेष्टनावर अलीकडे ‘कोला नट’ हे नाव वारंवार दिसते. महाड-पोलादपूर परिसरातील औषधी दुकानदार बंधूंकडून या द्रव्याविषयी पृच्छा होते; म्हणून प्रथम त्याचाच थोडक्यात परामर्श घेतो. कोला हे पश्चिम आफ्रिकेतील अरण्यांत वाढणाऱ्या कोला निटिडा व कोला ॲक्युमिनाटा या वृक्षांचे बीज होय. पूर्वी या वृक्षांचा समावेश स्टर्क्युलिएसी कुलात करीत. आता हे कुल माल्व्हेसीमध्ये विलीन झाले आहे. आपल्या रानातील पांढुरक्या सालीचा कांडोळ, ज्याचा डिंक ‘कराया’ नावाने बाजारात येतो, तो याच कुळातला. कोलाच्या सुक्या बीजात साधारण दीड ते अडीच टक्के कॅफीन असते व अत्यल्प थिओब्रोमिन असते. तात्पर्य, त्याचे उत्तेजक कर्म हे चहा-कॉफीच्याच जातीचे आहे. १८८६ साली अमेरिकेत निघालेल्या सुप्रसिद्ध पेयाच्या नावातील उत्तरार्ध याच बीजावरून आला. निद्रानाश, हृद्द्रव, उच्च रक्तदाब व अम्लपित्त असणाऱ्यांना ते देऊ नये, एवढे सांगितले म्हणजे आपल्यापुरता त्याचा विचार जवळजवळ संपतो.

मात्र नामसादृश्यामुळे होणारा एक घोटाळा येथेच दूर केलेला बरा. संहितांतील ‘कोल’ म्हणजे बोर. त्याच बोराच्या आकारमानावरून ‘कोल’ हे मानही रूढ झाले. ते अर्ध्या कर्षाइतके, म्हणजे १ कर्ष १२ ग्रॅम धरल्यास ६ ग्रॅम होते. पंचकोलातील पिंपळी, पिंपळमूळ, चव्य, चित्रक व सुंठ ही पाच द्रव्ये प्रत्येकी एक कोल घ्यावयाची, म्हणून ते पंचकोल. मुखात धारण करावयाच्या द्रव्यांत जे ‘कक्कोल’ येते ते कंकोळ. यांपैकी कशाचाही आफ्रिकेतील कोलाशी संबंध नाही. ‘हे आपल्या ग्रंथांतही आहे’ असे सांगून कोणी कोला नट विकू पाहील, तर त्याला हे दाखवून द्यावे.

आफ्रिकेत कोलाला जे सामाजिक स्थान आहे ते मात्र आपल्याला अगदी ओळखीचे वाटेल. पाहुणा आला की कोला पुढे करावयाचा, विवाह ठरला की कोला द्यावयाचा, चघळत बसून बैठक रंगवावयाची. आपल्याकडे हेच स्थान सुपारीला आहे. लग्न ठरविताना सुपारी फुटते, पूजेत गणपती म्हणून सुपारी बसते, आणि ओटीवर बसलेल्या माणसापुढे पानाचे तबक व अडकित्ता येतो. म्हणूनच कोलापेक्षा सुपारीचा विचार आपल्याला अधिक निकडीचा आहे. कोला नट खाणारा रुग्ण मला आजवर भेटलेला नाही. सुपारी खाणारा मात्र रोज भेटतो, आणि ‘मी काही खात नाही’ असे तोच सर्वांत आधी सांगतो.

ग्रंथोक्त विचार

पूग, क्रमुक, गुवाक ही सुपारीची संस्कृत नावे. वृक्ष अरेका कॅटेचू, आपल्या भाषेत पोफळ. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात मुखवैशद्य, रुची व सुगंध यांसाठी मुखात ठेवावयाची द्रव्ये सांगितली आहेत. त्यांत जायफळ, लवंग, कंकोळ, नागवेलीचे पान, कापूर व वेलची यांच्या जोडीला पूग आहे. येथे अभिप्रेत आहे ते मुखात धारण करणे. हातावर भुकटी घेऊन दिवसभर गालात दाबून ठेवणे त्यात कोठेही नाही.

सुश्रुतांनी फलवर्गात पूगफल कफपित्तहर, रूक्ष, कषाय, किंचित मधुर, मुखातील क्लेद व मल दूर करणारे आणि किंचित सर असे वर्णिले. परंतु चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात तांबूलाचे गुण सांगून झाल्यावर त्यांनी तांबूल कोणाला देऊ नये याची यादी दिली आहे. तीत रक्तपित्ती, क्षतक्षीण, तृष्णा व मूर्च्छा यांनी पीडित, रूक्ष व दुर्बल प्रकृतीचे, आणि ज्यांचे मुख कोरडे पडते असे लोक येतात. या यादीतील शेवटचा रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात सर्वांत अधिक येतो. मुखशोष होतो म्हणून लाळ सुटावी यासाठी तो सुपारी चघळतो, आणि चघळल्यामुळे मुख अधिकच रूक्ष होते.

भावप्रकाशात पूगफल गुरू, शीत, रूक्ष, कषाय, कफपित्तनाशक, दीपक, रुचिकर व आस्यवैरस्यनाशक म्हटले आहे. आणि त्याच ओघात ‘मोहन’ हा गुणही सांगितला आहे. ओली सुपारी गुरू, अभिष्यंदी, अग्नी व दृष्टी यांची हानी करणारी, तर शिजविलेली सुपारी त्रिदोषनाशक, असा स्पष्ट भेद तेथे केला आहे. जिचा मध्यभाग दृढ ती उत्तम, हा निकषही तेथलाच.

तांबूलसेवनाच्या विधीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. पहिला रस विषासमान, दुसरा भेदक व दुर्जर, आणि त्यानंतरचा तेवढा गिळावा, असा निर्देश आहे. पान तोंडात न घेता नुसती सुपारी खाणाऱ्याची जुन्या वचनांत कठोर निंदा केली आहे. अशा माणसाला जन्मोजन्मीच्या दारिद्र्याची भीती घातली आहे. आजची पुडीतील गोड सुपारी पानाविना खाल्ली जाते आणि तिचा पहिला रसच गिळला जातो. म्हणजे शास्त्राने घातलेले दोन्ही निर्बंध एकाच वेळी मोडले जातात.

रासायनिक घटक आणि गुणधर्मांची संगती

सुपारीत अरेकोलीन, अरेकेडीन, ग्वाकोलीन व ग्वासीन ही अल्कलॉइडे असतात. यांतील शेवटच्या दोहोंची नावे आपल्या ‘गुवाक’ शब्दावरूनच आली आहेत. अरेकोलीन हे त्यांतील प्रमुख. टॅनिनांचे प्रमाणही मोठे असते. चुना लागला की अरेकोलीनाचे रूपांतर बऱ्याच अंशी अरेकेडीनात होते.

सुश्रुत ‘किंचित सर’ म्हणतात आणि व्यवहारात तर आपण अतिसारात सुपारी देतो, ही विसंगती विद्यार्थिदशेत मला फार खटकत असे. दोन घटक वेगवेगळे पाहिले म्हणजे तिची संगती लागते. टॅनिने कषाय, स्तंभक. अरेकोलीन मात्र परास्वतंत्र नाडीसंस्थेला चेतविते, लाळ व घाम वाढविते, आतड्याची गती वाढविते. ज्या कल्पात टॅनिनांचे कर्म वरचढ होते तेथे स्तंभन, ज्यात अल्कलॉइडांचे वरचढ तेथे सरत्व. शिजविण्याने अल्कलॉइडांचा काही अंश पाण्यात उतरतो, म्हणून स्विन्न सुपारीचे गुण ओलीपेक्षा निराळे सांगितले, हे पटण्याजोगे आहे. अरेकोलीन डोळ्यांच्या बाहुल्या संकुचित करते, हेही ज्ञात आहे. ओल्या सुपारीला ‘दृष्टिहर’ म्हणण्यामागे असे काही निरीक्षण असेल काय, हे माझे केवळ अनुमान. त्यावर कोणी अधिक अभ्यास करावा.

‘मोहन’ म्हणजे काय हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. ‘सुपारी लागली’ असे म्हणतात ते हेच. छाती आवळल्यासारखी वाटते, घाम फुटतो, कान गरम होतात, डोके गरगरते. यावर थंड पाणी पिणे, मीठ चाटणे, रानशेणीचा वास घेणे हे उपाय ग्रंथांत आहेत, आणि चुन्याने तोंड भाजले तर साखरेचा कवल. पहिले दोन आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते. मात्र दम्याच्या रुग्णाला सुपारी लागली तर ती मौजेची बाब नव्हे. अरेकोलीनाने श्वासनलिका आकुंचित होतात. आपल्याकडील पावसाळा आधीच श्वासरोग्याला जड जातो. अशा रुग्णाला सुपारी सोडावयास सांगितल्याविना श्वासकुठार देत राहणे व्यर्थ होय. मानसरोगावरील काही आधुनिक औषधे घेणाऱ्यांत सुपारीमुळे अंग ताठणे, थरथरणे अशी लक्षणे बळावल्याचेही नोंदले गेले आहे. गर्भिणीस ती वर्ज्य करावी, कारण नित्य सेवनाचा संबंध बालकाचे जन्मवजन कमी असण्याशी आढळला आहे.

मुखातील काठिण्य

आता मुख्य विषयाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरचा, तिशीच्या आतला तरुण माझ्याकडे आला. तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते, ही तक्रार. मी पित्तज मुखपाक समजून शीतल चिकित्सा केली, आणि जेवणानंतर मुखशुद्धीसाठी साधे तांबूल चालेल असेही सांगितले. दोन महिन्यांनी तो म्हणाला, की भाकरीचा घास पूर्वीसारखा तोंडात मावत नाही आणि शीळ वाजत नाही. तेव्हा प्रथमच मी त्याला पूर्ण तोंड उघडावयास सांगितले. दोन बोटेही नीट आत जात नव्हती. गालाच्या आतील त्वचा पांढुरकी, बोटाला दोरीसारखे कठीण पट्टे लागत होते. ‘डॉक्टर, तंबाखूला मी हात लावत नाही; नुसती सुपारी,’ असे तो सांगत होता, आणि ते अक्षरशः खरे होते. व्यसन विचारताना मी ‘तंबाखू, विडी, दारू’ एवढेच विचारले होते. चूक त्याची नव्हती.

या विकाराला आधुनिक वैद्यक ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत तो वर्णिला आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला आजचे नाव रूढ होईल असे वर्णन दिले. सुपारीतील अल्कलॉइडे तंतुपेशींना अधिक कोलॅजन तयार करावयास लावतात. टॅनिनांमुळे ते कोलॅजन विरघळेनासे होते. आणि सुपारीत असणारे तांबे कोलॅजनचे धागे परस्परांत गुंफणाऱ्या विकराला बळ देते. परिणामी श्लेष्मल त्वचेखालचा मऊ थर हळूहळू कठीण होत जातो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर कषाय व रूक्ष गुणांनी स्थानिक स्नेह शोषला जाऊन वाताने संकोच व स्तंभ उत्पन्न होतो. या विकाराला ग्रंथातील अमुक एका रोगाचे नाव देण्याची घाई करू नये असे मला वाटते. संप्राप्ती नीट जुळते, तेवढे चिकित्सेस पुरते.

हा विकार केवळ गैरसोयीचा नाही. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून केलेली पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली, तीत ७.६ टक्के रुग्णांत पुढे मुखाचा कर्करोग उद्भवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा १९८५ सालीच मानवी कर्करोगकारक ठरविला होता. २००३ च्या बैठकीत, जिचा ग्रंथ २००४ साली निघाला, तंबाखूविरहित विडा आणि खुद्द सुपारी यांनाही तिने त्याच पहिल्या गटात घातले. ‘तंबाखू नाही ना, मग काय बिघडले’ या समजुतीला त्यानंतर आधार उरलेला नाही. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली, आणि पुढील वर्षी सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत घेण्यात आली. साधी सुपारी त्या कक्षेत नाही, आणि धार्मिक व सामाजिक व्यवहारातील तिचे स्थान पाहता ती येईल असेही नाही. तेव्हा कायद्याकडे पाहून स्वस्थ बसता येणार नाही.

मात्रेचा हिशेब

पूगचूर्णाची औषधी मात्रा १ ते २ ग्रॅम मानली जाते. मध्यम आकाराची एक सुकी सुपारी पाच ते दहा ग्रॅम भरते. दिवसाला तीन सुपाऱ्या कातरून खाणारा मनुष्य किमान पंधरा ग्रॅम द्रव्य मुखाच्या संपर्कात आणतो, आणि तेही वर्षानुवर्षे. वैद्य सात दिवसांकरिता देतो त्या द्रव्याशी याची तुलना होऊ शकत नाही. सुपारीपाकाविषयीची भीती आणि सुपारीच्या नित्य सेवनाविषयीची बेफिकिरी या दोन्ही गोष्टी हा हिशेब न मांडल्यामुळेच उत्पन्न होतात.

सुपारीपाक वा पूगखंड यांच्या कल्पनेत सुपारी प्रथम शिजवून, कुटून, दुधात आटवून तुपावर परतली जाते, मग साखरेचा पाक व प्रक्षेपद्रव्ये पडतात. रूक्ष व कषाय द्रव्याला क्षीर, घृत व शर्करा यांचा संस्कार देऊन त्याचा दोष आवरण्याची ही योजना आहे. श्वेतप्रदरात, प्रसूतीनंतरच्या शैथिल्यात व कटिशूलात त्याचा उपयोग आपण सारे करतो, आणि तो करीत राहण्यास माझी हरकत नाही. परंतु तीन बंधने मी स्वतःला घालून घेतली आहेत. रुग्णा आधीच सुपारी खात असेल तर पाक देत नाही. मुखात दाह, पांढरे चट्टे वा काठिण्य असेल तर देत नाही. आणि दिला तर ठरावीक मुदतीपुरताच देतो. ‘टॉनिक’ म्हणून महिनोन्महिने पाक खाणाऱ्या भगिनी भेटतात, त्यांना थांबविणे दुकानदारालाच अधिक शक्य आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टातील विषारी द्रव्यांत पूगफल नाही, त्यामुळे त्याच्या वेष्टनावर सावधगिरीची सूचना छापण्याचे बंधन नाही. ती सूचना तोंडी देणे आपल्याच हाती उरते.

अन्य उपयोगांत जळवलेल्या सुपारीची मषी दंतमंजनात घालण्याचा प्रघात आहे. हिरड्यांतून रक्त येत असता ती उपयोगी पडते. कृमींवर सुपारी पूर्वी दिली जात असे, आणि अरेकोलीनाचे लवण कुत्र्यांतील पट्टकृमींवर पशुवैद्यक वापरीत असे. आज विडंग, पळसपापडी व कंपिल्लक हाताशी असताना मनुष्याला कृमिघ्न म्हणून सुपारी देण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

द्रव्याची निवड व साठवण

महाड-पोलादपुरात पोफळी तुरळकच. पऱ्ह्याकाठच्या परसातल्या तेवढ्या. आपला जिल्हा सुपारीसाठी प्रसिद्ध आहे तो किनाऱ्यावरच्या आगरांमुळे, विशेषतः श्रीवर्धनच्या रोठा सुपारीमुळे. तेथे कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने त्याच पट्ट्यातील बागा मोठ्या प्रमाणावर आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात, हे ध्यानात घेऊन ‘श्रीवर्धनची’ म्हणून येणारा माल खरोखर कोठला, हे घाऊक व्यापाऱ्याकडून विचारून घ्यावे. दक्षिणेकडील माल वाईट असतो असे नव्हे. परंतु पाकासाठी घेतलेल्या द्रव्याचे मूळ नोंदवहीत खरे लिहिलेले असावे.

औषधासाठी अखंड, सुकी, बिनवासाची सुपारी घ्यावी. भरडा, कातरी अथवा चिकणी सुपारी घेऊ नये. भरड्यात काय मिसळले आहे हे ओळखता येत नाही, आणि चिकणी आधीच शिजवून रंगविलेली असते. प्रत्येक लॉटमधील दहा-बारा सुपाऱ्या अडकित्त्याने मधोमध फोडून पाहाव्यात. आतील तपकिरी-पांढरी जाळी स्पष्ट व गर घट्ट असावा. पोकळ, काळपट, बुरशीची पांढरी वा हिरवी पूड असलेली सुपारी आढळली तर तो लॉट परत करावा. दृढमध्यत्वाचा ग्रंथोक्त निकष याहून वेगळे काही सांगत नाही.

ओलाव्याची गोष्ट आपल्या भागात विशेष महत्त्वाची. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी भिजलेले काष्ठौषधी व बीजद्रव्य उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह होणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. नुकसान खरे असते आणि भरपाई उशिरा मिळते. परंतु भिजलेल्या सुपारीवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन निर्माण करतात. ते यकृताला घातक असून वाळविल्याने वा भाजल्याने नष्ट होत नाही, आणि चूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसतही नाही. असा साठा टाकूनच द्यावा. एरवीही जून ते सप्टेंबर या काळात सुपारी, बिब्बा, बेहडा यांची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून अंतर राखून ठेवावीत, आणि पूगचूर्ण पावसाळ्यापूर्वी करून ठेवू नये.

चिकित्सालयातील व्यवहार

व्यसनाविषयी विचारताना ‘सुपारी’ हा शब्द स्वतंत्रपणे उच्चारावा, आणि दिवसाला किती, पुडीची की अखंड, रात्री गालात ठेवून झोपता काय, हेही विचारावे. स्त्रियांना व शाळकरी मुलांनाही विचारावे. सुगंधित सुपारीची गोडी पुष्कळदा वयाच्या आठ-दहाव्या वर्षीच लागते. मग तोंड उघडून पाहावे. वरच्या व खालच्या पुढील दातांमधले अंतर साध्या मोजपट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये केसपेपरवर लिहावे. प्रौढात ते साधारण ३५ ते ४५ असते. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जावीत हा ढोबळ निकष.

अंतर कमी असल्यास प्रथम सुपारी पूर्णतः बंद. त्याविना कोणतीही चिकित्सा फळत नाही. नंतर तिळतेल अथवा इरिमेदादी तेलाचा गंडूष, बोटाने गालास आतून हलके मर्दन, दिवसातून चार-पाच वेळा तोंड उघडण्या-मिटण्याचा व्यायाम, आणि प्रकृती पाहून घृतपान. खदिर व त्रिफळा मुखरोगात आपण सवयीने देतो. परंतु काठिण्य असलेल्या कोरड्या मुखात आधीच कषाय रसाचा अतियोग झालेला असतो, हे विसरू नये. दाह व व्रण शमेपर्यंत ती द्रव्ये अल्प काळ, स्नेहाच्या जोडीनेच द्यावीत. दाह कमी होणे, घास घेणे सुलभ होणे, हा लाभ रुग्णाला जाणवतो. एकदा पक्के झालेले तंतू आपल्या तेलाने विरघळतात असे आश्वासन मात्र देऊ नये. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, गळ्यातील गाठ, जीभ जड होणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला विलंब न लावता दंतशल्यविशारदाकडे पाठवावे. आपले तेल चालू ठेवून पाठविले तरी चालेल, पण पाठवावे.

सुपारी सोडणाऱ्याला पहिले दोन आठवडे जड जातात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, जेवणानंतर तोंड रिकामे वाटते. अशांना मी बडीशेप, धणेडाळ, ज्येष्ठमध व एखादी लवंग असे मिश्रण छोट्या डबीत देतो आणि डबी खिशात जेथे सुपारीची पुडी असे तेथेच ठेवावयास सांगतो. दुकानदार बंधूंनी गल्ल्याशेजारी टांगलेल्या सुपारीच्या माळेच्या जागी अशा डब्या ठेवून पाहाव्यात. वर उल्लेखिलेला तरुण अजून येतो. त्याचे अंतर पहिल्या नोंदीत २२ मिलिमीटर होते. सुपारी सुटल्यावर आणि वर्षभराच्या गंडूष-व्यायामानंतर ते २७ झाले, त्यापुढे वाढलेले नाही. दर सहा महिन्यांनी मोजतो आणि गालाची आतील बाजू बॅटरी लावून पाहतो.